‘उत्पादन निवडा’ आणि माझा जुना सिंथ

मदत मागायच्या त्या ऑनलाइन फॉर्मवर पहिलाच चौकोन होता ‘उत्पादन निवडा’. क्लिक केलं की लांबलचक यादी उघडायची आणि तीत माझा सिंथ, म्हणजे पीसीवर वाद्याचा आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर, नव्हता. उत्पादन निवडल्याशिवाय पुढचा चौकोन उघडायचा नाही, आणि निवडायला उत्पादनच नाही. कंपनीचं नाव घेत नाही. तेव्हाची कंपनी आणि आताचे मालक वेगळे, भांडायचं तरी कुणाशी?

काम असं होतं. २००७ च्या सुमारास आमच्या अण्णांची जोतिबाची गाणी मी मंगळवार पेठेतल्या घरी पीसीवर बांधली होती. ढोल, हलगी, सनई खरी. खालचा बास आणि मागे भरून राहणारा पॅड मात्र सॉफ्टवेअर सिंथचा. तो सिंथ मी वेगळा विकत घेतलेला नव्हता, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमबरोबर आलेला. यंदा चैत्र यात्रेच्या आधी अण्णांचा मुलगा आला. “काका, गाण्याबिगर ट्रॅक पायजे. ॲप लावून बघितलं, अण्णांचा आवाज जातोय खरा, पर त्याच्यासंगं सनईबी अर्धी जातीया.” म्हणजे मूळ प्रोजेक्ट उघडण्याला पर्याय नव्हता.

जुनी आयडीई हार्डडिस्क अडाप्टरने यूएसबीला लावली, फोल्डर मिळाला, नव्या मशीनवर प्रोजेक्ट उघडला. ढोल वाजला, हलगी वाजली. सिंथच्या ट्रॅकवर ‘प्लगइन सापडत नाही’. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये जोडलेलं असं छोटं सॉफ्टवेअर. इथपर्यंतचं काम एका दुपारचं.

आजच्या पोरांना सांगावं लागतं, की त्या काळी असे सिंथ प्रोग्रॅमबरोबर ढिगाने यायचे. १९९९ मध्ये क्युबेस व्हीएसटी ३.७ या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमबरोबर निऑन नावाचा साधासा सिंथ आला आणि ही प्रथाच पडली. पुढे क्युबेस एसएक्सबरोबर व्हीबी-१ बास आणि वाल्डॉर्फने बनवलेला ए१, सोनार ५ च्या मोठ्या आवृत्तीत पेंटॅगॉन आणि रोलंडचा टीटीएस-१, फ्रूटीलूप्समध्ये टीएस४०४. वेगळे पैसे देऊन घेतलेल्या सिंथचं बिल असतं, डबा असतो, सिरियल नंबर असतो. बरोबर आलेल्याचं यातलं काहीच नसतं. प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती आली की तो गुपचूप गळतो आणि कुणी बातमीही देत नाही.

त्यातून ६४-बिटचं प्रकरण. ६४-बिट प्रोग्रॅम जुन्या सिंथची ३२-बिट डीएलएल फाइल थेट उघडू शकत नाही, मध्ये दोघांना जोडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे पूल लागतो. क्युबेसने २०१६ च्या शेवटी ९ व्या आवृत्तीत तो पूलच काढला. ॲपलने २०१९ च्या कॅटलिनामध्ये ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणंच बंद केलं. ज्या सिंथची ६४-बिट आवृत्ती कुणी काढली नाही, तो तिथेच राहिला. विंडोजवर रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये मात्र असा पूल आतच असतो, किंवा जेब्रिज नावाचा पूल वेगळा घेता येतो. तुमचा सिंथ चालू व्हायला कंपनीचा कोड न मागणारा असेल तर एवढ्यावर तुमचं काम होईल, पुढचं वाचायचीही गरज नाही. फक्त तो जुन्या डीएक्सआय पद्धतीचा (मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सवर बांधलेला) असेल तर फाइल नुसती फोल्डरमध्ये टाकून चालत नाही, रेगएसव्हीआर३२ या कमांडने विंडोजमध्ये नोंदवावी लागते.

माझा कोड मागणारा निघाला. रीपरमध्ये खिडकी उघडली, नॉब दिसले, स्वर दाबला तर शांतता. मधोमध एक लांब आकडा आणि खाली ‘हा आकडा आमच्या संकेतस्थळावर टाका’. तो पत्ता आता कंपनीच्या नव्या पानावर नेतो, आणि त्या पानावर हेडफोनच्या जाहिराती.

म्हणून तो फॉर्म. यादीत शेवटी ‘इतर’ होतं, ते निवडलं. मग सिरियल नंबर मागितला. सिंथला स्वतःचा नंबर नाही, तो प्रोग्रॅमच्या नंबरावर चालायचा. प्रोग्रॅमचा नंबर टाकला तर ‘हा नंबर सध्याच्या रचनेत बसत नाही’. तेव्हाचा नंबर आखूड असायचा, चौकोनाला लांब पाहिजे. शेवटी त्यापुढे शून्यं भरली तेव्हा कुठे फॉर्म पुढे सरकला. ही युक्ती लक्षात ठेवा, आणि खरा नंबर मजकुरात वेगळा लिहा.

उत्तर आलं आपल्याकडच्या रात्री दोनला: खरेदीची पावती जोडा. सीडीच्या पाकिटावरचा नंबर आणि डीलरचं बिल, दोन्हींचे फोटो पाठवले. मग दुसऱ्याच माणसाचं उत्तर, पहिल्यासारखाच नमस्कार, आणि सल्ला: नवी आवृत्ती घ्या, तिच्यातला नवा सिंथ जुन्या प्रोजेक्टमध्ये आपोआप बसेल.

बसत नाही! हे मी त्यांना सविस्तर लिहिलं, इथेही लिहितो. व्हीएसटी २ या जोडणीच्या पद्धतीत प्रत्येक प्लगइनला चार अक्षरांची ओळख असते आणि प्रोजेक्ट तीच ओळख शोधतो. नव्या सिंथची ओळख वेगळी, मग नाव कितीही सारखं असो, प्रोजेक्टच्या लेखी तो परकाच. शिवाय नॉब कुठे होते ती माहिती प्रोजेक्टमध्ये एका बंद गठ्ठ्यात असते. तो गठ्ठा सोडवायला तोच सिंथ लागतो.

यावर बरेच दिवस काही नाही. मग एक मेल: ‘तुमच्याकडून प्रतिसाद न आल्याने ही तक्रार बंद करत आहोत.’ माझ्याकडून! शेवटचं पत्र माझं होतं, त्यांच्याच पानावर दिसत होतं. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, नवीन करावी लागते. नवीन म्हणजे पुन्हा ‘इतर’, पुन्हा शून्यं, पुन्हा पावती. या वेळी तिसऱ्या माणसाने विचारलं, ‘आपण कोणता प्लगइन म्हणता, त्याचा स्क्रीनशॉट पाठवाल का?’ त्यांनीच विकलेल्या गोष्टीचा फोटो मी त्यांना दाखवायचा. पाठवला. अंगात ताप आल्यासारखी चिडचिड होत होती, घरचे लांबून जायचे. यात्रा जवळ येत होती.

मधल्या काळात सर्ज एक्सटी या फुकट सिंथवर तोच पॅड बांधून पाहिला. कोड नसला तरी खिडकीतले नॉब दिसतात, त्यामुळे आकडे वाचता आले: दोन सॉ वेव्ह (करवतीच्या आकाराच्या लहरी) किंचित बेसूर लावलेल्या, वरचा तीक्ष्ण आवाज कापणारा लो-पास फिल्टर, सावकाश उघडणारा. ऐकणाऱ्याला फरक कळला नसता. मला कळत होता, फिल्टर जिथे रेझोनन्स धरतो, म्हणजे कापायच्या जागीच आवाज उठवतो, तिथे. तुम्हाला घाई असेल तर एवढ्यावर थांबा, लाज वाटायचं कारण नाही.

मी थांबलो नाही, कारण माळ्यावर मूळ मशीनच होतं. कोड त्या मशीनला दिलेला, त्यामुळे तिथे सिंथ पुन्हा विचारणार नाही असा हिशोब. सुरू होत नव्हतं. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं. “मदरबोर्ड ठणठणीत हाय ओ, पॉवर सप्लायचं कपॅसिटर फुगल्यात.” त्याने भंगारातला दुसरा बसवला, बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदलली, हार्डडिस्क परत जोडली. प्रोग्रॅम उघडायच्या आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, तारीख बरोबर लावा. बॅटरी मेलेल्या मशीनची तारीख फार मागे गेलेली असते आणि तारीख मागे गेली की असे सिंथ संशय घेतात. मशीन सुरू झालं, प्रोजेक्ट उघडला, पॅड वाजला. मी एकटाच खोलीत “चांगभलं!” म्हणून ओरडलो.

मग वेव्ह फाइल काढल्या. प्रत्येक ट्रॅक वेगळा, २४-बिट, पहिल्या मात्रेपासून, म्हणजे नव्या मशीनवर सगळे आपोआप जुळतात. रिव्हर्ब (घुमारा) बंद करून. तो नंतर चांगला लावता येतो. जुने सिंथ झटपट एक्स्पोर्टमध्ये स्वर गाळतात, म्हणून गाणं वाजतंय त्याच वेगाने काढा, चहा पीत बसा. आणि अभिमानाने सांगतो, मी प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांमध्ये काढलं: मूळ काळी दोन, मग पांढरी दोन, मग काळी एक. मिडीची, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा या नोंदीची, पट्टी बदलली की सिंथ नव्याने वाजतो, आवाज फाटत नाही. वेव्ह खाली ओढली की पॅड घोगरा होतो. मुलगा पेनड्राइव्ह घ्यायला आला तेव्हा जरा चाचरतच म्हणाला, “काका, अण्णांचा सूर आता वर लागत न्हाई.” काळी एक तयार होती. सनई स्टेजवर नव्याने वाजणारच होती.

विसरलो होतो: सिंथचे आवाज एफएक्सबी फाइल म्हणून आणि सगळं गाणं साधी मिडी फाइल म्हणूनही काढून ठेवा. मिडी कशातही उघडते.

कंपनीचं शेवटचं उत्तर यात्रेनंतर आलं. उत्पादनाची मुदत संपलेली आहे, नव्या आवृत्तीवर सवलत देऊ शकतो. खाली, आमची सेवा कशी वाटली, पाच तारे.

जुनं मशीन आता माळ्यावर नाही, टेबलाखाली आहे. नेटची केबल काढलेली. त्यावरच्या विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ मध्येच थांबली, ते नेटवर न्यायचं नसतंच; आणि त्या सिंथला पुन्हा कोड मागायची आठवण व्हायला नको.