तुमची बॅटरी बाजारात कधी येणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं तुम्ही भेटलात की विचारताच: नव्या बॅटरीच्या शोधाची बातमी दर आठवड्याला येते, तुम्हीही विद्यापीठात इतकी वर्षं तेच करताय, मग तुमची बाजारात कधी येणार? हसत हसत विचारता, त्यामुळे धड चिडताही येत नाही.

मुळात मी बॅटरी बनवत नाही. मी कॅथोडची, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाची, पूड बनवते. सोडियम, लोह आणि मँगनीजचं ऑक्साइड. भट्टीतून काढायचं, कार्बन आणि बाइंडरमध्ये (पूड धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यात) कालवून ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरायचं, आर्गॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये नाण्याएवढ्या सेलमध्ये बंद करायचं. मग चार्ज, डिस्चार्ज, पुन्हा चार्ज. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड 1980 साली जाहीर झाला आणि सोनीची बॅटरी विकायला आली 1991 मध्ये. ही यशाची कहाणी, बरं का! हे ऐकवलं की तुम्ही गप्प होता. पण उत्तर मिळालेलं नसतं, हे मलाही कळतं.

एकदा आमच्या एका पुडीचे आकडे फार देखणे आले. हाफ सेलमध्ये, म्हणजे समोर सोडियम धातूचा तुकडा ठेवून. पेपर छापून आला, त्यात ‘हाफ सेल’ असं स्पष्ट लिहिलं होतं. बातमीतून ते शब्द गळले आणि आमची पूड थेट गाड्या पळवायला लागली. अभिनंदनाचे फोन चालू असतानाच माझ्या विद्यार्थिनीने फुल सेल जोडले. समोर धातूऐवजी हार्ड कार्बन, खऱ्या सोडियम बॅटरीत असतो तसा. काही दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिली. “मॅडम, जरा बघता?”

पहिल्याच फेरीत जवळजवळ निम्मी क्षमता गेली होती.

कारण आम्हा दोघींना तोंडपाठ होतं. आमचं संयुग पी-टू नावाच्या थरांच्या रचनेचं, त्यात सोडियमच्या जागा दोन-तृतीयांशच भरलेल्या. हाफ सेलमध्ये उरलेल्या जागा समोरचा धातू फुकटात भरून देतो. हार्ड कार्बनकडे द्यायला काही नसतं, उलट पहिल्या चार्जमध्ये तोच थोडं सोडियम कायमचं गिळतो. यात गुपित काहीच नाही. याच कुळातल्या एका ऑक्साइडची क्षमता 2012 साली ग्रॅममागे 190 मिलिअँपिअर-अवर नोंदवली गेली. त्याच्यात मुळात असलेल्या सोडियमचा हिशेब मांडला तर 174 च्या पुढे जाता येत नाही. वरचं कुठून आलं, हे क्षेत्रातल्या प्रत्येकाला कळतं. तरीही आम्ही त्या आलेखापुढे बराच वेळ बसून राहिलो.

“हा थीसिसमध्ये घालायचा?” तिने विचारलं.

“घालायचाच.”

“आणि सुरुवातीला कुठला दाखवायचा?”

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. शेवटी, दोन्ही शेजारी शेजारी छाप, म्हणाले. तिने तसं केलं. तिला ते पटलं होतं का, हे मी विचारलं नाही.

माझ्या पीएचडीच्या काळातली मी या सगळ्यावर भडकली असती. तेव्हा मला वाटायचं, रेणू समजला की काम झालं, पुढचं कारखान्याने बघावं. आज मी तिला सांगेन की दर फेरीला 99.9 टक्के सोडियम परत येणं परीक्षेत छान दिसतं, पण फुल सेलमध्ये हजार फेऱ्यांनंतर त्यातलं सुमारे 37 टक्केच उरतं. यावर ती विचारेल, मग अनुदानाच्या प्रत्येक अर्जात सौरऊर्जा आणि स्वस्त साठवणुकीचा पहिला परिच्छेद कोण लिहितं? मीच लिहिते. बाजाराचं आमिष मी दाखवायचं आणि तुम्ही बाजाराचं विचारलंत की तोंड वाकडं करायचं, हे काही बरोबर नाही. पण तो परिच्छेद नसेल तर भट्टी पेटत नाही, हेही तेवढंच खरं.

सध्या आम्ही पुडीत सोडियम ॲझाइड मिसळून पाहतोय. पहिल्या चार्जमध्ये ते फुटतं, सोडियमची तूट भरून काढतं आणि नायट्रोजन सोडतं. त्या वायूने पाऊच सेल, म्हणजे मऊ पाकिटात बंद केलेला चपटा सेल, उशीसारखा फुगतो. विद्यार्थिनीचं म्हणणं, हा नाद सोडून ओ-थ्री रचनेकडे वळू या, तिच्यात सोडियम भरपूर असतं. मला ते नको, कारण ती पूड हवेतल्या ओलाव्याने बिघडते. तिच्या मते ओलावा आवरता येतो, पण नसलेलं सोडियम आणायचं कुठून? आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.