तेहतिसावं वचन

तबकातला शेवटचा पेला रिकामा झाला तेव्हा घड्याळात दहाला पाच कमी होते, आणि खरं सांगतो, मी खूश होतो. मार्चचा पहिला रविवार. पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजनाचा, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. साडेआठला सुरू केलेली उपासना दीड तासाच्या आत बसवली होती. साडेदहाला पास्टरेट कमिटीची, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीची मीटिंग होती आणि विषय एकच होता: ड्रमसेट घ्यायचा की नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चर्चचा पाळक आहे. सव्वाशे माणसं रविवारी येतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, नर्सबाई आहेत, एसटीतले लोक आहेत आणि गावाबाहेरच्या वस्तीवरची शेतमजूर कुटुंबं आहेत. वाद्यांचा वाद दिवाळीपासून पेटला होता. तरुणांना की-बोर्ड होता, आता ड्रम हवे होते. 45 हजारांचं कोटेशनही त्यांनी आणलं होतं. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली गीतं पेटीवरच शोभतात, हा धांगडधिंगा बायबलमध्ये कुठे आहे? आता पेटी तरी बायबलमध्ये कुठे आहे? फ्रान्समध्ये जन्मलेलं वाद्य, एकोणिसाव्या शतकातलं. स्तोत्र 150 उघडलं तर शिंग, सारंगी, वीणा, डफ, झणझणणाऱ्या झांजा आणि वर नाचसुद्धा. नव्या करारातल्या मंडळीच्या, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या सभांत मात्र वाद्यांचं नावच नाही. गीतं आहेत, वाद्यं नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंना वचनं सापडत होती आणि मला डोकेदुखी.

म्हणून त्या रविवारी उपदेशाला मी मुद्दाम योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घेतला. विहिरीवरची शोमरोनी बाई प्रभूला विचारते, आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करीत, तुम्ही म्हणता यरुशलेमेत करावी. म्हणजे त्यांचाही ड्रम-पेटीचाच वाद. प्रभू दोन्ही डोंगर बाजूला ठेवतो आणि आत्म्याने व खरेपणाने उपासना करणाऱ्यांबद्दल बोलतो. उपदेश चांगला झाला. दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला वाटलं, हे समोरच्याला उद्देशून आहे.

मग प्रभुभोजन. भाकरीचे तुकडे, मनुका भिजवून माझ्या पत्नीने उकळलेला रस, पांढरं कापड, सगळं नेहमीसारखं. आशीर्वाद देऊन झाला, लोक उठले, मी तबकावर कापड टाकलं. तेवढ्यात दारात पाच बाया.

साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट, डोक्याला रुमाल, पायांना माती. बाहेरच्या नळावर हात धुऊन आल्या होत्या, तरी कांद्याचा वास त्यांच्या आधी आत आला. त्या दिवसांत आमच्याकडे कांदाकाढणी जोरात असते. वस्तीवरच्या बायांची टोळी मुकादमाच्या पिकअपमधून पहाटेच निघते. या पाचजणी मुकादमाकडून थोडी सवड मागून शेतातून तीन किलोमीटर चालत आल्या होत्या.

दारावर उभ्या असलेल्या, मंडळीच्या एका ज्येष्ठ कारभाऱ्यांनी हळूच सांगितलं, "संपलं की, मावशी. आता पुढच्या महिन्यात."

त्यांच्यातली सर्वांत म्हातारी, जिला सगळी वस्ती आजी म्हणते, हसली. "असू द्या. मागल्या महिन्यातबी असंच झालं व्हतं."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती सवयीने बोलली.

त्या वेळी मी काय केलं ते लिहायला हवं. मी काहीच केलं नाही. पाचजणींच्या डोक्यावर हात ठेवून दोन मिनिटांची प्रार्थना केली, "देव तुमच्या कष्टांना यश देवो" वगैरे, आणि त्यांना पाठवून दिलं. घरात भाकर होती, रस होता. पुन्हा प्रार्थना करून पाच माणसांना वाढायला किती वेळ लागतो? पण कमिटीचे लोक ऑफिसात खुर्च्या लावत होते आणि माझं अर्धं मन तिथे होतं. उपासना कशी करावी हे ठरवायला मी निघालो होतो.

मीटिंगची सुरुवात शास्त्रवाचनाने होते. काही शोधलं नव्हतं म्हणून फीत जिथे होती तिथे बायबल उघडलं: 1 करिंथ, म्हणजे पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11. सकाळी मेजावर वाचलेलाच. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, हा भाग मला तोंडपाठ आहे. चौदा वर्षं दर महिन्याला म्हणतोय. वचन 23 ते 26. कधी पुढचं आत्मपरीक्षणाचं. तिथे थांबायचं, हा रिवाज. त्या दिवशी केवळ काहीतरी वाचायचं म्हणून मी थोडं मागे जाऊन, वचन 17 पासून, सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गेलो.

प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीवर चिडलेला आहे. तुमच्या एकत्र येण्याने भलं होत नाही, नुकसानच होतं, म्हणतो. का? तर ज्यांच्याकडे आहे ते आधी येऊन खाऊन घेतात. मागून येणारा उपाशी राहतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय, असं तो सरळ विचारतो. त्या काळी प्रभुभोजन हे खरोखरच्या जेवणाला जोडलेलं असे, आणि रोमी शहरात गुलाम नि हमाल आपल्या मर्जीने काम सोडून येऊ शकत नसत. उशिरा कोण येत असेल, हे सांगायला अभ्यासक लागत नाही. आणि या सगळ्यावर पौलाचा उपाय काय? कोणतं गीत, कोणतं वाद्य, कोणता पोशाख, काही नाही. वचन 33: तुम्ही भोजनासाठी जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

मी थांबलो. खोलीत पंख्याचा आवाज. मग खजिनदार म्हणाले, "आमेन. आता अजेंडा घ्या ना, साहेब."

अजेंडा घेतला. पाऊण तास ड्रमवर बोलणं झालं आणि निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला. माझ्या डोक्यात तेवढा एकच शब्द घोळत होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काही अभ्यासक 'वाट पाहा'ऐवजी 'एकमेकांचं स्वागत करा' असा लावतात. कुठलाही घ्या, मी दोन्हींत नापास.

मीटिंगनंतर प्रभुभोजनाचं रजिस्टर काढलं. आमच्याकडे कोणी भाग घेतला याची नोंद ठेवतात. नोव्हेंबरात कमिटीने ठराव केला होता की उपासना दीड तासात आटोपावी. लोकांना कंटाळा येतो, शिवाय घरी पाहुणे असतात. ठरावावर माझीच सही. त्याआधी उपासना सव्वादहा-साडेदहापर्यंत चालायची, तेव्हा या पाचजणी धावतपळत का होईना पोचायच्या. डिसेंबरपासून चारही महिने त्यांच्या नावांपुढे एकच शब्द: गैरहजर. आणि आमच्या नियमाप्रमाणे जो सतत गैरहजर राहतो त्याचं नाव मंडळीच्या मतदार यादीतून कमी होतं. आणखी दोन महिने गेले असते तर कागदोपत्री या बाया मंडळीच्या कामकाजातून बाहेर पडल्या असत्या. कारण काय, तर रविवारी पोटासाठी राबत होत्या.

रविवार सुट्टीचा, हे आपण किती गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीनंतर 1890 मध्ये मिळाली. शेतमजुराला ती आजही नाही. आमच्याकडे त्याची सुट्टी आठवडे बाजाराच्या दिवशी. आणि हे जुनंच आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली रविवारच्या विश्रांतीचा फर्मान काढला, तेव्हा शहरातल्या न्यायाधीशांना आणि कारागिरांना सुट्टी दिली, पण शेतीचं काम करणाऱ्यांना स्पष्ट वगळलं. पेरणीचा मुहूर्त चुकू नये म्हणून. सतराशे वर्षं झाली, कांद्याचाही मुहूर्त चुकत नाही.

संध्याकाळी पत्नीला म्हटलं, चल. डब्यात भाकर, बाटलीत रस घेऊन मोटरसायकलवर वस्तीवर गेलो. जाताना मनाला आधार होता तो जस्टिन मार्टर या जुन्या ख्रिस्ती लेखकाचा. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये तो लिहितो: रविवारी शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, मग उपदेश, मग उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस, आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, वाटा पोचवतात. शिवाय गोळा झालेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी नि परदेशी यांच्यासाठी. बस्स, एवढीच उपासना. मला वाटलं, मी डीकनचं काम करतोय, म्हणजे ठीकच.

अंगणात पोतं अंथरलं, पाचजणी बसल्या, आजूबाजूची पोरं जमली. आम्ही प्रार्थना केली, त्यांनी भाग घेतला. आजीच्या बोटांच्या चिरांत कांद्याचा काळा रस बसलेला होता. भाकरीचा तुकडा तिने दोन्ही हातांची ओंजळ करून घेतला.

मग चहा आला. आजी म्हणाली, "घरला आणून दिलं, बरं झालं, साहेब. पन एक इचारू? हे समद्यांसंगट घ्यायचं असतंय ना?"

मी म्हणालो, हो.

"मग पहाटं करा की. आमी चारला उठतोच. साडेसहाला गाडी येती. त्याच्या आत व्हईल."

मला हसू आलं, कारण सेमिनरीत, पाळकांच्या कॉलेजात, परीक्षेसाठी घोकलेलं एक पत्र आठवलं. इ.स. 112 च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला लिहितो, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात. मग पांगतात आणि नंतर साधं जेवण जेवायला पुन्हा एकत्र येतात. उजाडण्यापूर्वी का, याचं कारण परीक्षेत मी 'छळाची भीती' असं लिहिलं होतं आणि गुण मिळाले होते. दिवस उजाडला की मालकाचं काम सुरू होतं, हे त्या वेळी सुचलं नव्हतं. आजीने प्लिनीचं नाव ऐकलेलं नाही.

कमिटीपुढे विषय ठेवला तेव्हा पहिली सूचना आली ती अगदी सोयीची: पहाटेची एक वेगळी उपासना ठेवू, मजुरांसाठी, आणि आपली साडेआठची चालू राहील. मी नाही म्हणालो. एका गटाने आधी घ्यायचं, दुसऱ्याने नंतर, यालाच पौल रागावला होता. आपण फक्त क्रम उलटा करतोय. महिन्यातून एक रविवार, एकच उपासना, पहाटे साडेपाचला. खूप बोलणं झालं. बीपीच्या गोळ्या, म्हातारी माणसं, अंधार, कुत्री. सगळं खरं होतं. शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी, जे ड्रमच्या सर्वांत विरोधात होते, सांगितलं, "तीन महिने करून पाहा. मी येईन." ठराव झाला. एक मत विरोधी, नोंद आहे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पाच वाजता दिवे लावले. एकतीस माणसं आली. सव्वाशेतली एकतीस, हा आकडा मी लपवत नाही, कमिटीत तो वारंवार ऐकवला गेला आणि पुढेही जाईल. ड्रमचा, की-बोर्डचा प्रश्न त्या दिवशी आलाच नाही, कारण सहाच्या आत स्पीकर लावायला कायद्याने बंदी आणि शेजारी झोपलेले. पेटीवाले गुरुजी आले नव्हते. गीत कोणी सुरू करायचं, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग वस्तीवरच्या एका बाईने भजन उचललं, अभंगाच्या चालीचं. नारायण वामन टिळकांनी आणि त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळ्यांनी ज्या चाली आमच्या मंडळीत रुजवल्या, त्यांतलीच एक. ड्रम मागणारे दोघे तरुण मागच्या भिंतीला टेकून टाळ्यांचा ठेका धरत होते. सूर फारसा जमला नाही. तिसऱ्या कडव्याला अर्धे एका पट्टीत, अर्धे दुसऱ्या.

उपदेश दहा मिनिटांचा. प्रभुभोजनाच्या वेळी मी 23 ऐवजी 17 पासून वाचलं आणि 33 वर थांबलो. तबक घेऊन रांगेतून जाताना पाहिलं, तर आजी आणि ते शिक्षक शेजारी बसले होते. जागाच तेवढी होती, मुद्दाम कोणी बसवलं नव्हतं. कांद्याचा वास होताच.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. मुकादम दहा मिनिटं उशिरा आला होता, की थांबला होता, ते मी विचारलं नाही. शेवटच्या प्रार्थनेचं "आमेन" म्हणत म्हणतच पाचजणी उठल्या, रुमाल बांधले, चपला घातल्या. आजीने जाताना मान वळवून सांगितलं, "पुढल्या खेपंला येवढी भाकर नका करू, साहेब. वाया जाती."

खरंच, तबकात बरीच उरली होती. मी सव्वाशेच्या अंदाजाने केली होती.

ड्रमचं कोटेशन अजून फाईलमध्ये आहे. परवा मुलांनी पुन्हा विचारलं. पुढच्या मीटिंगला घेऊ, म्हणालो.