दोन मशीनं, दोन काउंटर

झाडं तोडणाऱ्या आमच्या टोळीत चेनसॉ सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. चेनला कानस मारायची, प्लग बघायचा, कार्ब्युरेटर लावायचा आणि काही बंद पडलं की सगळ्यांची बोलणी खायची. वादळानंतर हे सगळं एकदम अंगावर येतं. त्या दिवशी रस्ताभर झाडं आडवी झाली होती आणि जाड बुंध्यांसाठी आमच्याकडे मोठी मशीनं दोनच. दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन्ही ६० सीसीच्या वर्गातली.

त्यातलं नवं मशीन कागदावर सरस होतं. वजनाला हलकं, ताकद थोडी जास्त, क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, मॅग्नेशियमचं. जुनं जरा जड आणि हाताला धसमुसळं. पोरांची ओढाताण अर्थातच नव्यासाठी. त्याची चेन लाकडात लोण्यासारखी शिरायची हे मलाही मान्य आहे.

दुसऱ्याच बुंध्यावर नव्याचा आवाज बदलला. ट्रिगर सोडला तरी इंजिन खाली येईना, वर चढतच राहिलं, आणि चेन फिरत राहिली. हातातलं मशीन तसं वागायला लागलं की बाकीचे विचार नंतर; मी ओरडून ते बंद करायला लावलं. पोरगा म्हणाला, "दादा, आयडल, म्हणजे ट्रिगर सोडल्यावरचा वेग, कमी करा ना, स्क्रू फिरवा थोडा." स्क्रू फिरवून हा आजार जात नाही, नुसता झाकला जातो. कुठून तरी जादा हवा आत येते. हवा वाढली की पेट्रोलचं प्रमाण घटतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी, आणि उष्णता मात्र जास्त.

मशीन थंड झाल्यावर सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन बघितला. एक्झॉस्टच्या बाजूला बारीक उभे ओरखडे नुकते सुरू झाले होते. पिस्टन चारही बाजूंनी खरवडलेला असता तर पेट्रोलमध्ये ऑइल घालायलाच कुणी विसरलं, असा संशय घेतला असता. पण मिश्रण ५० ला १, म्हणजे ५ लिटरला १०० मिली, मी स्वतः बनवतो. कार्ब्युरेटर मोकळा केला तेव्हा चोर सापडला. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबराला खालून चीर गेली होती. बोटभर लांबीचा तुकडा. कुठल्याही कंपनीचं रबर फाटू शकतं, म्हणून या मशीनचं नाव घेत नाही.

इतक्यात जुन्यानेही हात टेकले. बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, धुरावला, त्याच्या कडा निळसर पडायला लागल्या. बारचं टोक स्वच्छ खोडासमोर धरून रेस दिली की ऑइलची रेघ उमटायला हवी. काहीच उमटलं नाही. क्लच काढला (त्याचा आटा उलटा असतो, हे माहीत नसलेला माणूस जोर लावून लावून दमतो) आणि आत चेनला ऑइल पुरवणाऱ्या पंपाचा वर्म गिअर, म्हणजे पंप फिरवणारं स्क्रूसारखं चाक, तुटलेला. ऑइलची वाट भुशाने गच्च भरली होती. तीही साफ केली. मग दोन्ही मशीनं गाडीत टाकून निघालो.

नव्या मशीनचं दुकान चकचकीत होतं. भिंतभर मशीनं टांगलेली. काउंटरवरच्या माणसाने मॉडेल विचारलं, रबर हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "मागवावं लागेल. कधी येईल सांगता येत नाही. तुम्ही एक्स्चेंजमध्ये दुसरं का घेत नाही?" मशीनचा सीरियल नंबर त्याने विचारलाच नाही. वर्कशॉप कुठे आहे म्हटल्यावर, मशीन ठेवून जा, वर पाठवू, असं उत्तर. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही नीटसं ठाऊक नसावं.

जुन्याचं दुकान लहान, दारातच टू-स्ट्रोकचा वास. मिस्त्रींनी आधी सीरियल नंबर वाचून घेतला. संगणकावर सुट्या भागांचं चित्र उघडलं आणि म्हणाले, "या मॉडेलला दोन प्रकारचे वर्म आहेत. तुमचा नंबर अलीकडचा की पलीकडचा ते बघू." मग मागच्या खणातून बरोबर तो वर्म काढून समोर ठेवला. मी निघणार तेवढ्यात त्यांची नजर गाडीतल्या दुसऱ्या मशीनकडे गेली.

"त्याला काय झालंय?"

ते त्यांच्या कंपनीचं नव्हतं. तरी त्यांनी टेबलावर घेतलं, एक्झॉस्टचं आणि इनटेकचं तोंड बंद केलं आणि पंपाने आत अर्धा बार दाबाने हवा भरली. काटा हळूहळू खाली. साबणाचं पाणी सोडल्यावर क्लचच्या बाजूच्या ऑइल सीलवर, म्हणजे इंजिनाच्या दांड्याभोवतीच्या रबरी कडीवर, बुडबुडे आले. म्हणजे नवं रबर लगेच मिळालं असतं तरी आम्ही ते बसवून खूश होऊन साइटवर गेलो असतो आणि संध्याकाळपर्यंत पिस्टन घालवला असता. सील मापाचं असतं, त्यांच्याकडे त्या मापाचं निघालं. रबर मात्र त्या मशीनचंच लागतं, तिथे त्यांचाही इलाज नव्हता.

सील बदलताना गप्पा निघाल्या. स्टील (Stihl) की हस्कवर्ना, कुठल्या कंपनीचं चेनसॉ चांगलं, हा आमच्या धंद्यातला न संपणारा वाद. स्टीलची कंपनी १९२६ची, हस्कवर्नाचं पहिलं चेनसॉ १९५९चं. आज स्टीलचं एमएस २६१ आणि हस्कवर्नाचं ५५० एक्सपी शेजारी ठेवली तर दोन्ही ५० सीसीच्या आसपास, दोन्ही ३ किलोवॅटच्या घरात; डोळे बांधून हातात दिली तर लाकूड फरक सांगणार नाही. मिस्त्रींचं म्हणणं, दर्जा बघायचा तर मशीन उघडून बघा. चांगल्या मशीनचं सील क्लच काढला की बाहेरून बदलता येतं. स्वस्त मशीनमध्ये बहुधा इंजिनच प्लास्टिकच्या सांगाड्यातून सोडवावं लागतं, मग मजुरी ऐकून गिऱ्हाईक मशीन तिथेच टाकून जातं.

आणि आता तर स्टीलचं एम-ट्रॉनिक, हस्कवर्नाचं ऑटोट्यून. मिश्रण इलेक्ट्रॉनिक्सच ठरवतं, मिश्रण कमीजास्त करायचे एच आणि एल स्क्रू फिरवायला नाहीत. चालतं तोवर झकास, मला स्वतःला आवडतं. पण बिघाड शोधायचा तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते डीलरकडे. तिथला माणूस ते उघडायला शिकलेला नसेल तर माझ्या हातातली कलाही निरुपयोगी. जुन्या मशीनला वाईट डीलर चालून जायचा, मी निभावून न्यायचो. नव्याला चालत नाही.

जुनं मशीन दुपारी परत बुंध्याला लागलं आणि अंधार पडेपर्यंत रस्ता त्यानेच मोकळा केला. नव्याचं रबर पुढे कधीतरी आलं, ते आधीच्या मालिकेचं. परत पाठवलं.

मालकांनी नंतर तिसरं मशीन घ्यायचं ठरवलं आणि मला विचारलं, कुठलं घेऊ. मी म्हटलं, आधी दुकानं बघून येतो. प्रत्येक काउंटरवर जाऊन मी तिथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलचाच पंपाचा वर्म आणि क्लचच्या बाजूचं सील मागितलं. कुणी खणाकडे वळला, कुणी सीरियल नंबर मागितला. एकाने माझ्याकडे बघून हसत सांगितलं, "अहो, आमच्या मशीनचं ते जातच नाही."

त्याचं दुकान मी यादीतून काढलं.