दाजीपूरच्या सावलीत गवे आणि रानकुत्रे टिपताना

वन्यजीवांच्या फोटोंची हौस लागली की कोल्हापूरचा माणूस आधी ताडोब्याचं बुकिंग बघतो. मी दाजीपूर निवडलं. राधानगरी ओलांडून फोंडा घाटाच्या अलीकडं, शहरापासून साधारण ऐंशी किलोमीटर. संस्थानच्या काळातलं हे शिकारीचं रान 1958 मध्ये गव्यांसाठी राखलं गेलं आणि 1985 मध्ये त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं. क्षेत्र 351 चौरस किलोमीटर. गवा बघायला याच्यासारखं रान नाही, पण फोटो काढणाऱ्याचा इथं कस लागतो.

ताडोब्यासारखी मोकळी पानगळीची झाडी इथं नाही. अंजनी-जांभळाची गच्च छाया, भर दुपारीही खाली अंधारलेलं. तिथून गाडी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, आली की एकदम डोळे दिपवणारं ऊन, आणि पुन्हा सावली. त्यात जनावर कोणतं, तर काळाभोर गवा. त्याच्या वासरांवर टपलेले रानकुत्रे तांबूस, छातीला पांढरे. दोघं एका चौकटीत आले तर कॅमेऱ्यानं ऐकायचं कोणाचं?

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकट काळ्या अंगानं भरली की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय. मग तो फोटो उजळवतो, त्यासाठी शटर मंद करतो किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवतो. गवा राखाडी होतो, पायांतले पांढरे मोजे जळतात, म्हणजे तपशील जाऊन कोरे पांढरे होतात, आणि वर फोटो हलतो. म्हणून काळ्या जनावराला एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, उणे करायचं. हे सगळं वाचून माहीत होतं, पण बोटांना सवय हवी होती. आणि काळ्या जनावरांची कोल्हापुरात काय कमी?

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन उभी राहायचे. म्हशी रांगेनं बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात, आणि उजेड म्हणजे एका बाजूनं येणारा खांबावरचा दिवा. मालकांना विचारून फोटो घ्यायचे. उणे दोन तृतीयांश ते उणे एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) या दरम्यान म्हैस म्हशीसारखी काळी दिसते आणि पाठीवरची चमकही शाबूत राहते, हे तिथं पक्कं झालं. दुसरं कळलं ते फोकसचं. नुसत्या काळ्या कुशीवर फोकस ठेवला की लेन्स पुढं-मागं घिरट्या घालत बसते. तिला धरायला कड लागते: ओलं नाक, शिंगाची धार, दाव्याची गाठ. गव्याच्या बाबतीत मी डोळ्याच्या वरची ती रेघ धरते, जिथं कपाळाचा राखाडी रंग संपून काळा चेहरा सुरू होतो. डोळा आणि ती रेघ जवळजवळ एकाच अंतरावर असतात, त्यामुळं डोळा आपोआप धारदार येतो.

पळत्या जनावराचा सराव दिवाळी पाडव्याच्या सगरीत केला. सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं धावतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या वेगानं फिरवत ठेवायला हात आणि कंबर दोन्ही लागतात. ज्यांना हे छायाचित्रण शिकायचंय त्यांनी सगर चुकवू नये, असं मी मनापासून सांगते.

रानात गेल्यावर शटर आणि लेन्सचं छिद्र मी हातानं ठरवते, आयएसओ ऑटोवर सोडते आणि अंगठा एक्सपोजरच्या चकतीवर ठेवते. सड्यावरून सावलीत शिरताना एवढंच हाताशी लागतं. गवा नुसता रवंथ करत उभा असेल तर शटर 1/500 सेकंदाऐवजी 1/125 चालतं. त्यानं दोन स्टॉप वाचतात, म्हणजे आयएसओ 12800 चं 3200 होतं. मात्र गाडीचं इंजिन बंद हवं आणि लेन्सखाली धान्य भरलेली पिशवी हवी. लेन्समधली स्थिरता आपल्या हाताची थरथर थांबवते, जनावराचा हलता कान नाही. फ्लॅशचा विषयच नाही.

एका संध्याकाळी सड्याच्या कडेला कळप होता. गायी, सोनेरी वासरं, सगळे झाडीच्या सावलीत. पलीकडच्या कारवीच्या झुडपांतून बारीक शिट्टी आली.

"ताई, हलू नका. कोळसुंदं हाईत," गाईडमामा कुजबुजले. ड्रायव्हरदादांनी आधीच इंजिन बंद केलं होतं.

गवतात तीन रानकुत्रे दिसले. त्यांच्यावर शेवटचं ऊन, गवे सावलीत. दोघांच्या उजेडात चार स्टॉपचं तरी अंतर असेल. दोन्ही सांभाळणं शक्य नव्हतं. मी कुत्र्याच्या छातीचा पांढरा रंग जळणार नाही इतकंच एक्सपोजर धरलं आणि गव्यांना अंधारात जाऊ दिलं. रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमधून, सावलीतलं थोडं परत आणता येतं, जळालेलं पांढरं येत नाही. गायींनी वासरं मागं घेतली आणि डोकी खाली करून तोंडं कुत्र्यांकडं वळवली. कुत्रे सतत हलत होते, पण अधूनमधून एखादा मान वर करून क्षणभर थबकायचा. तेवढ्यातच दोन-तीन फ्रेम. ऊन गेल्यावर आयएसओ 12800 झाला, तरी शटर मी 1/250 च्या खाली आणलं नाही. जास्त आयएसओमुळं फोटोत दाणे आले तर येऊ देत, हललेला डोळा मला चालत नाही. गाडी पुढं घ्यायचा विषय कोणी काढला नाही, ते फार बरं झालं. थोड्या वेळानं कुत्रे कारवीत परत शिरले. शिकार झाली नाही.

घरी संगणकावर बसल्यावर रंगांचं काम निघालं. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, त्यात कुत्र्याची तांबूस लव चिखलासारखी दिसते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, जांभळटाकडं थोडा सरकवला की ती जागेवर येते. सोनेरी उन्हात उलटं होतं: एकूण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल रंग एकटाच भरून वाहतो आणि केसांचे तपशील पुसले जातात. त्यामुळं तिन्ही रंगांचे आलेख वेगळे बघावे लागतात. गव्यांच्या सावल्या मी मोजक्याच उचलल्या. शिंगाची वळणं आणि पाठीची कमान कळण्यापुरत्या. अंधारात उभा असलेला गवा अंधारातच दिसला पाहिजे.

छापताना मॅट कागदानं ते काळं आणखी गिळलं. म्हणून छपाईसाठी वेगळी, किंचित उजळ फाइल केली आणि आधी छोट्या तुकड्यावर चाचणी काढून घेतली. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा लेन्स सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात जाते. आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.