शांत वर्ग म्हणजे रमलेला वर्ग नव्हे

फळ्यावरचं उतरवून घेणाऱ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. हात चालू असतात, डोकं चालू असेलच असं नाही. फ्रेड्रिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस या अमेरिकी संशोधकांनी 2004 साली मुलांच्या सहभागाचे तीन पदर मांडले: वागण्यातला, भावनेतला आणि विचारातला. हजेरीपटावर पहिल्याचा जेमतेम कोपरा दिसतो.

वागणं मोजायचं तर 35 मिनिटांच्या तासाला सहाच मुलं धरा: दोन पुढची, दोन मधली, दोन मागची. नावं आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर नजर दंगेखोर पोरांकडेच जाते. दर पाच मिनिटांनी प्रत्येकाकडे एकदाच बघायचं आणि त्या क्षणी दिसेल ते लिहायचं. 'क' म्हणजे करतंय, 'ऐ' म्हणजे ऐकतंय, 'भ' म्हणजे भलतीकडे. सुरुवातीची फेरी धरून सात फेऱ्या, 42 नोंदी. बघत राहिलात की घोळ होतो. मिनिटभरात कुठलंही मूल एकदा तरी खिडकीबाहेर बघतंच, आणि 'भ' फुगतात. शिकवता शिकवता हे जमत नाही, शेजारच्या वर्गाच्या बाईंना किंवा गुरुजींना बसवा. परिपाठानंतरचा आणि जेवणानंतरचा असे निदान दोन तास तरी बघा.

प्रश्न कोणाला विचारले जातात तेही त्यांनीच टिपावं. बैठकीच्या नकाशावर प्रश्नागणिक एक टिंब. बरेचदा टिंबं पुढच्या आणि मधल्या रांगेत दाटतात. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना आढळलं, की शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात.

विचारातला पदर मात्र मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठीशिवाय हाती लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "हो" म्हणतो. त्याऐवजी शेवटच्या चार मिनिटांत विचारा: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, आणि का? "एक चतुर्थांश, कारण 4 मोठा" असं लिहिणाऱ्या मुलाच्या नावापुढे तासभर 'क'च असू शकतो.

भावनेसाठी एकच प्रश्न पुरे: चुकलं तर वर्ग हसेल असं वाटतं का? नाव नको. अक्षरही ओळखू येतं, म्हणून लिहायला न लावता नुसती खूण करायला सांगा आणि चिठ्ठ्या घडी घालून डब्यात टाकू द्या.