वरचं तेल, खालचं तेल

आमची सोसायटी बडोद्यात, विश्वामित्री नदीपासून पायी दहा मिनिटांवर. २०२४ च्या ऑगस्टअखेर काळाघोड्यापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं. सासूबाईंना पहिल्या मजल्यावरच्या बेनकडे हलवलं, दोन रात्री तिथेच काढल्या. लाइट नाही, खाली उतरायची सोय नाही, आणि विश्वामित्रीत मगरी किती हे बडोदेकरांना सांगायला नको. बचावाची बोट आली ती कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत. पाणी ओसरल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं, की सोसायटीची स्वतःची बोट हवी. खजिनदार मी, त्यामुळे पुढचा सगळा उपद्व्याप माझ्या वहीत आला.

हरणी तळ्यात जानेवारीत शाळेच्या मुलांची बोट उलटली, तो घाव ताजा होता. म्हणून लाइफ जॅकेटं आधी घेतली, मग हवा भरायची रबरी बोट, आणि शेवटी उरलेल्या पैशांत इंजिन. नवं परवडणारं नव्हतं. भरूचजवळ भाडभूतला पावसाळ्यात हिलसा पकडणाऱ्या एका मच्छीमाराने मोठं मशीन घेतलं होतं. त्याचं जुनं आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड आम्ही उचललं. बोटीच्या मागच्या फळीला पकडीने आवळायचं, वर इंजिन, खाली पंखा. "पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्यात," तो म्हणाला. टाकल्या होत्या, खोटं नाही बोलला.

आता ह्यात तेल कुठलं घालायचं? सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात घडवलेलं, की साधं मिनरल, म्हणजे कच्च्या तेलातून गाळलेलं?

सोसायटीच्या ग्रुपवर पाच दिवस दुसरा विषय नव्हता. बहुमत सिंथेटिकचं, कारण प्रत्येकाच्या गाडीत तेच. "एकदा टाकलं की दहा हजार किलोमीटर बघायला नको." सी विंगमधले एक गृहस्थ तर गाडीच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी तेलाचा अर्धा डबा घेऊन खालीच आले. फुकट तेल म्हटल्यावर मीही क्षणभर मोहात पडले, कबूल करते.

अडवलं ते रिफायनरीतून निवृत्त झालेल्या वरच्या काकांनी. "वहिनी, गाडीचं तेल इंजिनात गोल गोल फिरत राहतं. ह्याचं पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून जातं. एकदाच काम करतं नि संपतं. दहा हजार किलोमीटर कुठले मोजणार?" म्हणजे सिंथेटिक जास्त टिकतं हा सगळ्यात मोठा मुद्दा इथे लागूच नव्हता. शिवाय गाडीच्या तेलात धातूंची मिश्रणं असतात, ती जळली की मागे राख उरते. डबा परत गेला. ते गृहस्थ आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

मग मी रावपुऱ्यात एका जुन्या दुकानात गेले. लहानपणी वडिलांच्या चेतकसाठी पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, मोजून घालायचे, त्याचा निळसर धूर आणि वास अजून नाकात आहे. दुकानदाराने स्कूटरच्या टू-टीची बाटली पुढे सरकवली. "बेन, चेतक होय के होडी, टू-टी एटले टू-टी." बाटली घेऊन घरी आले, काकांनी ती परत पाठवली. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, तापतं जास्त, म्हणून त्याच्या तेलात पिस्टन साफ ठेवणारी, पण थोडी राख सोडणारी द्रव्यं चालतात. आउटबोर्ड नदीचं पाणी खेचून थंड होतं. त्यात ही राख स्पार्क प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते, तिथे निखाऱ्यासारखी धुमसते, आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. म्हणून बाटलीवर टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं हवं. पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, राख न सोडणारं तेल, अमेरिकेतल्या बोटी बनवणाऱ्यांच्या संघटनेचं मानक. हे मिनरलमध्येही मिळतं आणि सिंथेटिकमध्येही. आम्ही पाच दिवस भांडलो तो प्रश्न दुसरा होता, पहिला हा.

बाटली शेवटी भरूचहून मागवली. मिनरलच्या एका डब्याच्या भावात सिंथेटिकचा अर्धाही येत नव्हता, म्हणून मी हिशोब मांडला. पूर्ण वेगाने हे मशीन तासाला साधारण चार लिटर पेट्रोल पितं, हळू चालवलं तर बरंच कमी. पुराचे तीन दिवस, रोज सहा तास, सरासरी तीन लिटर धरा: ५४ लिटर. पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली तेल. एकूण एक लिटरच्या जरा वर. मच्छीमाराला हा फरक वर्षाकाठी जड जातो, कारण तो रोज आठ तास चालवतो. आमचं अख्ख्या वर्षाचं तेल एका मोठ्या बाटलीत मावतं. पैशांचा वाद इथेच संपला, निदान माझ्यापुरता.

एवढं झाल्यावर मशीन इको गाडीत घालून भरूचच्या मेकॅनिकला दाखवायला नेलं. मोठ्या तयारीने विचारलं, सिंथेटिक की मिनरल? त्याने मान वरसुद्धा केली नाही. पंख्याला लागून असलेल्या गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू सोडला आणि थाळी धरली. थाळीत दुधाळ, चहाच्या रंगाचं काहीतरी पडलं.

गिअरचं तेल वेगळं असतं, घट्ट, नव्वद नंबरचं, हे मला तेव्हा कळलं. त्यात पाणी शिरलं होतं. पंखा काढला तर मागे दांड्याला नायलॉनची मासेमारीची दोरी घट्ट गुंडाळलेली. तिनेच पाणी अडवणारं सील कापलं होतं. "असंच चालवलं असतं तर गिअर गंजून बसले असते," तो म्हणाला. वरच्या तेलावर आम्ही पाच दिवस घालवले आणि खालच्या तेलाकडे कुणी पाहिलंच नव्हतं! नवं सील बसवलं. तेल भरताना त्याने ते खालच्या भोकातून चढवलं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. स्क्रूखालचे वॉशरही बदलले.

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. रिंगा नव्या, म्हणून पहिले दहा तास मिनरल, तेही दुप्पट, लिटरला ४० मिली. रिंगा बसल्या की पुढे हवं ते. आणि सिंथेटिक घातलं म्हणून तेल कमी करायचं नाही. प्रमाण इंजिनाचं असतं, बाटलीचं नाही.

परत आल्यावर दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मशीन लावलं. पंख्यावरची आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी भरायचं, कोरडं पाच सेकंदही चालवायचं नाही, आतल्या पंपाचं रबर जळतं. मागून पाण्याची बारीक धार येते का ते बघत राहायचं. धार आली, आणि धूर इतका, की बी विंगमधून फोन आला, "डासांची गाडी आलीय का?" ते दहा तास शेवटी चांदोदच्या ओळखीच्या नावाड्याच्या होडीला लावून दोन रविवारांत पुरे केले. तो खूश, फुकट इंजिन मिळालं म्हणून.

त्या धुरानेच निर्णय झाला. पुरात बोट वेगाने जातच नाही. गल्लीतून, खांब आणि बुडलेल्या गाड्या चुकवत, खिडकीखाली थांबत, माणसं उतरवत हळूहळू जाते. टू-स्ट्रोक सगळ्यात जास्त धूर आणि काजळी हळू चालतानाच करतं, आणि तो धूर बोटीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर येतो. सासूबाईंना दमा आहे. सिंथेटिक तेल धूर कमी करतं, प्लग कमी काळवंडतो. म्हणून पुढे सिंथेटिक. मच्छीमाराने मिनरल घालावं, त्याचं बरोबर आहे, तो उघड्या पाण्यात सुसाट जातो. थंडीत सिंथेटिक पातळ राहतं हा फायदा मात्र बडोद्यात कुणी सांगू नये.

खरी धास्ती मला तेलाची नाही, पेट्रोलची आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो. त्या थरात तेल जवळपास नसतंच, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. कितीही महाग सिंथेटिक घाला, इंजिन कोरडंच फिरणार. म्हणून मिसळलेलं पेट्रोल साठवायचं नाही. महिन्यातून एकदा ताजं दोन लिटर, ड्रममध्ये दहा मिनिटं, मग नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवायचं. उरलेलं कुणाच्या तरी जुन्या स्कूटरला जातं.

गेल्या रविवारी तिसऱ्या ओढीला सुरू झालं. बाटली सेक्रेटरींच्या कपाटात, पंपाच्या किल्ल्यांशेजारी असते. तिच्यावर मी मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "गाडीत घालू नये". सी विंगवाल्यांनी खाली बारीक अक्षरांत जोडलंय, "आणि गाडीचं ह्यात".