मॉनिटरवरचे ७०

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. मॉनिटरवर ठोके ७०, मनगटावर नाडी ३५.

तात्पुरत्या पेसमेकरवरचे आमचे पेशंट आजोबा एवढंच म्हणाले, "गरगरतंय गं." आणि मी आधी पाहिलं ते आकड्याकडे. हाताकडे नाही. इतकी वर्षं झाली, तरी. रात्रपाळीत सगळं आपल्याच अंगावर येतं, असं म्हणून रडावंसंही वाटलं. जाऊ दे.

मॉनिटरने स्पाइक (पेसमेकरच्या झटक्याची उभी रेघ) मोजले होते. पेसमेकरचा बॉक्स मिनिटाला ७० वेळा करंट देत होता, हृदय त्यातला दर दुसराच पकडत होतं. ज्या स्पाइकमागे रुंद क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची ईसीजीवरची लाट, नाही, तो ठोका नव्हेच. बोटावरच्या प्रोबची नाडीची लाट ३५ दाखवत होती. तीही त्याच पडद्यावर, थोडी खाली.

काल थ्रेशोल्ड, म्हणजे हृदय पकडतं तो कमीत कमी करंट, ०.८ मिलिअँपिअर होता, बॉक्सचं आउटपुट ३. तिपटीहून जास्त, म्हणजे पुरेसं. चादर बदलताना उजवा पाय वाकला आणि लीड (पेसमेकरची तार) सरकली असणार. लीड मांडीच्या शिरेतून गेलेली, टोक उजव्या व्हेंट्रिकलच्या (खालच्या कप्प्याच्या) एपेक्सला, खालच्या निमुळत्या भागाला, नुसतं टेकलेलं. कायमच्या पेसमेकरसारखा स्क्रू त्याला नसतो. आउटपुट १० वर नेलं आणि प्रत्येक स्पाइकमागे क्यूआरएस उमटला. मग बॉक्सकडच्या जोडण्या, बॅटरी, पोटॅशियम. सगळं ठीक. पण आउटपुट चढवून ठेवणं हा काही इलाज नाही. डायफ्राम (श्वासपटल) उडायला लागतो, उचक्या लागतात, आणि उचक्या लागल्या की टोक हृदयाच्या भिंतीतून आरपार गेलंय का, ते बघावं लागतं. सी-आर्म या फिरत्या एक्स-रेखाली लीड पुन्हा बसवली. थ्रेशोल्ड ०.६.

मॉनिटरवर मात्र तेव्हाही ७०च.

लीड हलणारच, हे आत्ता कुठे पटतंय. धडधडत्या स्नायूला टेकवलेली तार ती. कुशीवर वळवलं की आधी नाडी, मग पडदा. थ्रेशोल्ड दर पाळीला.

आजोबांना आलेला हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक, उजवी कोरोनरी (हृदयाची रक्तवाहिनी) उघडलेली. एव्ही नोडमधला, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खाली संदेश देणाऱ्या गाठीतला, हा ब्लॉक (अडथळा) बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतो. पुढच्या भिंतीचा अटॅक असता तर बिघाड हिस बंडल या पुढच्या वाहक तंतूंच्या खाली, तिथे ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनवरही भिस्त ठेवता येत नाही. आज तिसरा दिवस. सकाळी पेसमेकरचा रेट हळूहळू ५० पर्यंत उतरवून आजोबांची स्वतःची लय बघायची आहे.

पाय सरळ राहावा म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावून आलेय.